कॅन्ससची तार

मी तारखात्यात नोकरीला होतो. तिथे तार वाचण्याची एक सवय लागली, ती २०१३ मध्ये तारसेवा बंद झाल्यावरही सुटलेली नाही. मजकूर नंतर वाचायचा, आधी पाठवणाऱ्याचे नाव पाहायचे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे मजकुरात काटकसर करीत. तळाच्या नावात मात्र क्वचितच. मी ज्या तालुक्याच्या गावी होतो तिथे टंचाईच्या वर्षी एखादा पुढारी फॉर्म भरून आणी. पत्ता मुख्यमंत्र्यांचा, मागणी कुणाच्या तरी बदलीची, आणि खाली 'अमुक अमुक व इतर पाचशे'. फॉर्म एक, सही एक, पैसे मोजणारा हात एक. आमच्या हिशेबात पाचशे माणसे येत नसत. 'व', 'इतर' आणि 'पाचशे' हे तीन शब्द येत. ती माणसे खोटी असत असे मला म्हणायचे नाही. पुष्कळदा ती खरोखरच बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलेली असत. तारेतून मात्र ती दिसत नसत.

ही आठवण व्हायला कारण झाली ती एक दीडशे वर्षांपूर्वीची तार. मे १८६८ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थ गावाहून ती वॉशिंग्टनला गेली, सिनेटर एडमंड रॉस यांच्या नावे. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग तेव्हा सिनेटपुढे होता आणि मतदान तोंडावर आले होते. तारेचा आशय असा : कॅन्ससने पुरावा ऐकला आहे आणि अध्यक्षांना दोषी ठरवावे अशी कॅन्ससची मागणी आहे. खाली नाव होते डी. आर. अँथनी यांचे, 'व इतर एक हजार'. रॉस यांनी उलट कळवले, की मी कोणत्या बाजूने मत द्यावे हे मला सांगण्याचा तुमचा अधिकार मी मानत नाही, मी निःपक्षपाती न्यायाची शपथ घेतली आहे. १६ मे रोजी नाव पुकारले गेले तेव्हा ते 'दोषी नाही' असे म्हणाले. ५४ सिनेटरांपैकी ३५ जणांनी दोषी ठरवले, १९ जणांनी नाही. दोन तृतीयांशाला ३६ हवे होते. जॉन्सन एका मताने वाचले.

हा प्रसंग घरोघरी पोचवला जॉन एफ. केनेडी यांच्या 'प्रोफाइल्स इन करेज' या पुस्तकाने. ते १९५६ मध्ये निघाले, पुढच्याच वर्षी त्याला चरित्रासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. (पुस्तक नेमके कोणी लिहिले हा वाद जुना आहे. केनेडींचे सहकारी थिओडोर सोरेन्सन यांनी २००८ च्या आत्मकथनात बहुतेक प्रकरणांचे पहिले खर्डे आपण केल्याचे मान्य केले. माझ्या मुद्द्याला त्याने फरक पडत नाही.) मला ते फोर्टच्या पदपथावर मिळाले, पाठीमागचे पान नसलेले. त्यातल्या आठ सिनेटरांमध्ये रॉस यांच्यावरचे प्रकरण सर्वांत रंगलेले आहे, आणि एका बैठकीत वाचून झाल्यावर मीही त्या माणसावर भाळलो होतो. गावाकडून तारा येताहेत, मित्र तोंड फिरवताहेत, आणि एक माणूस आपल्या विवेकाला स्मरून उभा राहतो. आपल्या मनावर हरिश्चंद्राचा संस्कार आहे. असली गोष्ट आपल्याला लगेच भावते.

पण त्या प्रकरणातून एक धडा निघतो, आणि तोच मला तपासायचा आहे. पदावर असलेल्या अध्यक्षावर महाभियोग चालवा अशी मागणी मतदारांनी करावी का? केनेडींच्या मांडणीत मतदार म्हणजे तारा धाडणारा जमाव, आणि धैर्य म्हणजे त्या जमावाला नकार देणे. पुढे अमेरिकेत महाभियोगाची हाक उठली की रॉस यांचे नाव निघते आणि मतदारांना गप्प बसवायला ते पुरते. मला हा धडा चुकीचा वाटतो. रॉस यांचे उत्तर चुकीचे होते असे मात्र मला वाटत नाही, आणि सगळी गुंतागुंत तिथे आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. आपल्या वर्तमानपत्रांत 'महाभियोग' म्हणजे पदावरून काढून टाकणे असा अर्थ रुळला आहे. मूळ 'अभियोग' म्हणजे फक्त आरोप, फिर्याद. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तो याच अर्थाने येतो; तिथे असाही दंडक आहे, की आपल्यावरचा अभियोग निस्तरल्याशिवाय प्रतिवादीने उलट अभियोग करू नये. (महाभियोगात सापडलेल्या एकाही अध्यक्षाने हा दंडक पाळलेला नाही.) अमेरिकेच्या घटनेतही महाभियोग म्हणजे आरोपच. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवायचे, आणि सिनेटने शपथ घेऊन, साक्षीपुरावे ऐकून, दोन तृतीयांशाने निकाल द्यायचा. आपल्या संविधानात 'महाभियोग' हा शब्द राष्ट्रपतींपुरता, ६१ व्या अनुच्छेदाच्या संदर्भात येतो. न्यायाधीशांसाठी 'पदावरून दूर करणे' असे म्हटले आहे, तरी बातम्यांत न्यायाधीशांवरही महाभियोगच चालतो. आरोप आणि निकाल यांची ही गल्लत केवळ भाषेची असती तर सोडून दिली असती. लेव्हनवर्थच्या तारेने तीच गल्लत केली होती.

आता जॉन्सन यांच्याविषयी. हे टेनेसीचे डेमोक्रॅट. यादवी युद्धात त्यांचे राज्य फुटून निघाले तरी ते संघराज्याबरोबर राहिले, म्हणून १८६४ मध्ये लिंकन यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभे केले गेले. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि जॉन्सन अध्यक्ष झाले. थोडक्यात, अध्यक्ष म्हणून त्यांना कोणीच निवडलेले नव्हते. दक्षिणेत सुमारे चाळीस लाख माणसे नुकतीच गुलामीतून सुटली होती. त्यांना जमीन, शाळा, न्यायालय यांचा आधार देण्यासाठी काँग्रेसने जे कायदे केले ते जॉन्सन यांनी एकामागून एक परत पाठवले. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा त्यांचा नकाराधिकार ओलांडून करावा लागला. त्याच वर्षी मे महिन्यात मेम्फिसमध्ये गोऱ्या जमावाने ४६ कृष्णवर्णीयांना मारले. जुलैअखेरीस न्यू ऑर्लिन्समध्ये मताधिकारासाठी भरलेल्या परिषदेवर हल्ला होऊन आणखी कित्येक मेले. सप्टेंबरमध्ये सेंट लुइसच्या जाहीर सभेत जॉन्सन यांनी न्यू ऑर्लिन्सच्या रक्तपाताचे खापर काँग्रेसवर फोडले.

त्यांच्यावर ठेवण्याजोगा आरोप हा होता. ज्यांच्या रक्षणाचे कायदे देशाने केले, त्यांना अध्यक्ष उघडपणे वाऱ्यावर सोडत होते. डिसेंबर १८६७ मध्ये असा व्यापक आरोप प्रतिनिधिगृहापुढे आलाही होता. तो ५७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळला गेला. नेमका गुन्हा कोणता, कोणते कलम मोडले, असे लोकांनी विचारले, आणि उत्तर देता येईना.

मग जॉन्सन यांनीच कलम पुरवले. काँग्रेसने मार्च १८६७ मध्ये एक कायदा केला होता, की सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांना अध्यक्षाने परस्पर काढू नये. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढले. तीन दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग ठरवला. अकरा आरोप झाले, त्यांतले बहुतेक स्टँटन यांच्या बडतर्फीभोवती फिरणारे. खटल्याचे इतिवृत्त अमेरिकी सरकारने त्याच वर्षी तीन खंडांत छापले. मी ते संगणकावर, कोशाच्या आधाराने, एका पावसाळ्यात वाचून काढले. त्यात मला सर्वांत अस्वस्थ केले दहाव्या आरोपाने. सेंट लुइसचे ते भाषण तिथे आले आहे, म्हणजे न्यू ऑर्लिन्सही आरोपपत्रात आले आहे. पण कशासाठी? अध्यक्षांनी मोठ्याने आणि असभ्य भाषेत बोलून काँग्रेसची अप्रतिष्ठा केली यासाठी. माणसे मेली ती आरोपपत्राबाहेर राहिली, आणि त्यांच्याबद्दल अध्यक्ष कसे बोलले हा शिष्टाचाराचा भंग तेवढा आत आला. या दहाव्या आरोपावर पुढे मतदान झालेच नाही. अकराव्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आरोपावर ३५-१९ असाच निकाल लागल्यावर सिनेटने काम गुंडाळले.

केनेडींचे प्रकरण वाचताना यातले काही कळत नाही. तिथे जॉन्सन हे पराभूत दक्षिणेशी लिंकनच्या औदार्याने वागू पाहणारे अध्यक्ष आहेत, आणि त्यांचे विरोधक सूडाने पेटलेले. मुक्त झालेल्या गुलामांना तिथे जवळजवळ जागाच नाही. हा दोष एकट्या केनेडींचा नव्हे. कोलंबिया विद्यापीठातल्या डनिंग यांच्या परंपरेने त्या कालखंडाचा जो इतिहास रचला, तोच तेव्हा शाळेपासून चित्रपटांपर्यंत चालत होता. १९४२ मध्ये तर 'टेनेसी जॉन्सन' नावाचा चित्रपट निघून त्यावर निषेधही झाले. पण दुसरा इतिहास उपलब्ध नव्हता असे नाही. ड्यू बॉइस यांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' हा ग्रंथ १९३५ मध्येच निघालेला होता. (हेच ते ड्यू बॉइस, ज्यांना १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पत्र लिहिले.) केनेडींना ते पुस्तक वाचता आले असते. मिसिसिपीचे त्या काळातले गव्हर्नर अ‍ॅडलबर्ट एम्स यांची केनेडींनी दुसऱ्या एका प्रकरणात बदनामी केली, तेव्हा त्यांच्या वृद्ध कन्येने पत्रांमागून पत्रे लिहून दुरुस्ती मागितली. ती झाली नाही. शेवटी ब्लँच एम्स यांनी वडिलांचे चरित्र स्वतः लिहून १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. इतिहास न शिकलेल्या माणसाने इतिहास लिहायला बसावे ते अशाच कारणाने, असे मला वाटते. पण ते असो.

अलीकडच्या संशोधकांनी रॉस यांचा पुतळा बराच खाली आणला आहे. एक तर त्यांचे मत एकट्याने निर्णायक नव्हते. रिपब्लिकन पक्षाच्या आणखी सहा जणांनी तसेच मत दिले होते आणि गरज पडली असती तर इतरही काही जण फिरायला तयार होते असे अनेक इतिहासकार मानतात. दुसरे, खटल्यानंतर थोड्याच दिवसांत रॉस यांनी जॉन्सन यांच्याकडे आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी शब्द टाकायला सुरुवात केली. पैशांचे व्यवहार झाल्याचा संशय डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडला आहे. निःस्वार्थी म्हणावे असे त्या सिनेटमध्ये दुसऱ्या बाजूलाही फारसे कोणी नव्हते. जॉन्सन गेले असते तर ज्यांना अध्यक्षपद मिळणार होते ते बेंजामिन वेड स्वतः मतदानाला बसले आणि 'दोषी' म्हणाले. जॉन्सन यांचे जावई डेव्हिड पॅटरसन हेही बसले आणि 'दोषी नाही' म्हणाले.

परंतु माणूस लबाड निघाला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. रॉस यांच्या उत्तरातला युक्तिवाद मी पुन्हा पुन्हा तपासला. एकदा सिनेटने शपथ घेतली की ते न्यायासन होते, आणि न्यायासनाला तार करून निकाल मागायचा नसतो. अँथनी आणि त्यांच्या हजार जणांनी पुरावा ऐकला नव्हता. त्यांनी पुराव्याच्या बातम्या वाचल्या होत्या. शिवाय स्टँटन यांना नेमले होते लिंकन यांनी. तो कायदा त्यांना लागू होतो का, हा प्रश्न जॉन्सन यांचे वकील बेंजामिन कर्टिस यांनी बिनतोड मांडला होता. हे कर्टिस म्हणजे १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात गुलामीच्या बाजूने गेलेल्या निकालाला असहमती नोंदवणारे न्यायमूर्ती. त्यांना दक्षिणेचा हस्तक म्हणणे शक्य नव्हते. पुढे १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हा कायदाच घटनाबाह्य होता असे म्हटले. तेव्हा ज्या आरोपावर मतदान झाले, त्यावर 'दोषी नाही' हे उत्तर प्रामाणिक माणसालाही देता आले असते.

आमच्याकडे मनिऑर्डरचा फॉर्म घेऊन माणसे तारेच्या खिडकीशी येत. गरज खरी, पैसे खरे, खिडकी चुकीची. कॅन्ससच्या मतदारांचे तसे झाले, आणि फॉर्मही दुसऱ्याने भरलेला होता. त्यांचा राग जॉन्सन यांनी मुक्त गुलामांना दगा दिला याचा. आरोपपत्र एका मंत्र्याच्या बडतर्फीचे. मागणी करायची ती आरोप ठरवणाऱ्या प्रतिनिधिगृहाकडे, खरा आरोप लिहा अशी, आणि तीही डिसेंबर १८६७ च्या आत. त्यांनी ती केली निकाल देणाऱ्याकडे, मे महिन्यात.

आणि त्या हजार जणांत कोण नव्हते? हा प्रश्न केनेडींनी विचारला नाही, आणि त्यांच्या टीकाकारांनीही फारसा विचारलेला मला आढळला नाही. नोव्हेंबर १८६७ मध्ये, म्हणजे त्या तारेच्या अवघ्या सहा महिने आधी, कॅन्ससमध्ये दोन प्रश्नांवर मतदान झाले होते. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार द्यावा का, आणि स्त्रियांना द्यावा का. दोन्ही प्रस्ताव पडले. ज्या सुझन बी. अँथनी त्या प्रचारासाठी कॅन्ससभर हिंडल्या, त्यांचेच बंधू डॅनियल अँथनी हे तार पाठवणारे डी. आर. अँथनी. म्हणजे 'कॅन्ससची मागणी' असे जे तारेत म्हटले होते त्या कॅन्ससमध्ये पाठवणाऱ्याची सख्खी बहीणही बसत नव्हती, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटला व्हायला हवा होता तेही बसत नव्हते. दक्षिणेत तर १८६७ मध्ये सात लाखांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांची मतदार म्हणून नोंद झाली होती. पण त्यांच्या दहा राज्यांना सिनेटमध्ये अजून जागा नव्हती. म्हणूनच सिनेट ५४ जणांची होती. पहिले राज्य, आर्कान्सा, परत घेतले गेले २२ जूनला. निकालाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. उरलेल्यांपैकी बरीच पुढच्या काही आठवड्यांत आली.

पुढे तीच तार योग्य खिडकीवर गेली ती शंभर वर्षांनी. रिचर्ड निक्सन नोव्हेंबर १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये जिंकून दुसऱ्यांदा निवडून आले होते. महाभियोगाच्या मागणीविरुद्ध जो आक्षेप नेहमी येतो तो त्यांच्या बाबतीत सर्वांत जोरकस होता : लोकांनी इतक्या बहुमताने निवडलेल्याला मूठभर लोकप्रतिनिधींनी का काढावे? मग २० ऑक्टोबर १९७३ ची रात्र आली. वॉटरगेटचे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनी ध्वनिफिती मागितल्या, म्हणून निक्सन यांनी त्यांना काढायला सांगितले. अ‍ॅटर्नी जनरलनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांच्या उपप्रमुखांनीही नकार दिला, तिसऱ्याने हुकूम बजावला. त्यानंतरच्या काही दिवसांत वॉशिंग्टनला लाखो तारा आल्या. व्हाइट हाऊससमोर फलक धरलेली माणसे उभी राहिली, महाभियोग हवा असेल तर हॉर्न वाजवा म्हणून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी हॉर्न वाजवीत गेल्या.

पेशाने तारवाला असल्यामुळे मला इथे एक फरक दिसतो. एका तारेखाली 'व इतर लाखो' असे लिहून ते झाले नव्हते. लाखो फॉर्म होते, लाखो पैसे मोजणारे हात. आणि बहुतेक मागणी प्रतिनिधिगृहाकडे होती, चौकशी सुरू करा अशी. ती त्या गृहाने ऐकली. ६ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायविषयक समितीला चौकशीचा अधिकार देणारा ठराव ४१० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. समितीने महिनोन्महिने कागद वाचले, आणि जुलैअखेरीस तीन आरोप ठरवले : न्यायात अडथळा, सत्तेचा दुरुपयोग, काँग्रेसची अवज्ञा. कंबोडियावरच्या चोरट्या बॉम्बहल्ल्यांचा आरोपही पुढे आला होता. तो समितीने फेटाळला. म्हणजे मेलेली माणसे याही वेळी आरोपपत्राबाहेरच राहिली. तरी जे आत आले ते शिष्टाचाराचे नव्हते. सिनेटपुढे जाण्याची वेळच आली नाही. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

त्या समितीच्या ३८ जणांत टेक्ससच्या बार्बरा जॉर्डन होत्या. २५ जुलैच्या रात्री त्यांनी केलेल्या भाषणाच्या सुरुवातीलाच सांगितले, की घटनेच्या आरंभी 'आम्ही लोक' असे लिहिले गेले तेव्हा त्यात मी नव्हते. दुरुस्त्या, अर्थनिर्णय आणि न्यायालयांचे निकाल यांतून मी आत आले आहे. १८६८ मध्ये टेक्ससला सिनेटमध्ये जागा नव्हती. आता तिथली एक कृष्णवर्णीय स्त्री अध्यक्षावरचा आरोप लिहायला बसली होती. मी ते भाषण ऐकले ते अडखळत, तुकड्या-तुकड्याने, आणि मग परत रॉस यांचे प्रकरण काढून वाचले. त्या रात्रीनंतर त्या प्रकरणातला हरिश्चंद्र मला पुन्हा दिसला नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि ती झाकून ठेवता येत नाहीत. १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावर महाभियोग नको असे मतदारांचे बहुमत म्हणत होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांनी तसे दाखवूनही दिले, अध्यक्षांच्या पक्षाच्या जागा वाढवल्या. तरी प्रतिनिधिगृहाने डिसेंबरमध्ये आरोप ठेवलेच. दक्षिण कोरियाच्या संसदेने मार्च २००४ मध्ये रोह मू-ह्यून यांच्यावर महाभियोग चालवला, तेव्हा एका महिन्याने झालेल्या निवडणुकीत लोकांनी त्यांच्याच पक्षाला बहुमत दिले, आणि घटना न्यायालयाने त्यांना परत खुर्चीवर बसवले. त्याच देशात २०१६ मध्ये मेणबत्त्या घेऊन लोक दर शनिवारी रस्त्यावर आले, संसदेने २३४ विरुद्ध ५६ मतांनी पार्क ग्युन-हे यांच्यावर आरोप ठेवला आणि न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये त्यांना एकमताने काढले. कोरियात दोन खिडक्या दोन वेगळ्या इमारतींत आहेत, हे मला बरे वाटते. अमेरिकेत निकाल देणाराही निवडून आलेलाच असतो. २०२० आणि २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरचे दोन्ही खटले सिनेटपुढे गेले तेव्हा ते सुटणार हे सर्वांना आधीच ठाऊक होते. दुसऱ्या खेपेला ५७ विरुद्ध ४३ पडूनही. तेव्हा आरोपाची मागणी मतदारांनी करावी आणि निकालाची करू नये ही माझी रेषा कागदावर दिसते तितकी सरळ नाही. रॉस यांच्या काळी सिनेटरला राज्याचे विधिमंडळ निवडीत असे, मतदार थेट निवडू लागला तो १९१३ च्या घटनादुरुस्तीनंतर. आजच्या सिनेटरला 'तू न्यायासन आहेस, मी तुला काही सांगणार नाही' असे म्हणणारा मतदार पुढच्या निवडणुकीत त्याच न्यायासनाचा हिशेब घेणार असतो. तरीही ती रेषा मी ओढतो, कारण ती नसली तर प्रत्येक तार लेव्हनवर्थची होते.

मागणीच करू नये, चार वर्षांनी मत द्यावे, असे म्हणणाऱ्यांना मी आपल्याकडचे एक भाषण वाचायला सांगेन. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना केली होती. त्यांचा मुद्दा असा, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोज घेतला जातो, प्रश्नांनी, ठरावांनी, अविश्वासाच्या प्रस्तावांनी; आणि ठरावीक काळाने मतदारही घेतात. हा रोजचा हिशेब अमेरिकी पद्धतीत नाही, आणि तो नियतकालिक हिशेबापेक्षा अधिक परिणामकारक, असे त्यांचे मत होते. आपण तो निवडला. अमेरिकी मतदाराजवळ ते साधन नाही. अविश्वासाचा प्रस्ताव तो कुणाला आणायला सांगणार? त्याच्या हाती एवढेच उरते, की आपल्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीला लिहावे : आरोप लिहा, खरा लिहा आणि उघड लिहा. रोजचा हिशेब जिथे नाही तिथे ही मागणी म्हणजे उद्दामपणा नव्हे, हिशेबाची राहून गेलेली वही आहे. तिचा रोजच्या शिवीगाळीसाठी वापर झाला तर ती निकामी होते, हेही खरे. आज तिकडे प्रत्येक अध्यक्षाच्या पहिल्याच वर्षी महाभियोगाची आरोळी उठते, त्यातून तसे होऊ लागले आहे.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. हे अर्पण आपण शाळेपासून ऐकतो, मीही ऐकत आलो. या विषयाच्या नादी लागल्यावर ते पान मी पुन्हा काढले. अर्पण लोकांना आहे. कोणत्याही अध्यक्षाचे नाव त्यात नाही, लिंकन यांचेदेखील नाही. त्या वर्षी जॉन्सन टेनेसीत आपल्या गावी होते आणि पुन्हा निवडून यायच्या खटपटीत होते. जानेवारी १८७५ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर पाठवले. ज्या सभागृहात त्यांचा खटला चालला होता, तिथेच मार्चमध्ये त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. रॉस तेव्हा तिथे नव्हते. १८७१ मध्येच कॅन्ससने त्यांच्या जागी दुसरा माणूस पाठवला होता.